टॉम ब्रेडी कॉलेजात बाकावर बसून नव्हता

अमेरिकन फुटबॉलमधल्या दिग्गज टॉम ब्रेडीची गोष्ट अशी सांगतात: कॉलेजात कुणी खेळवलंच नाही, मग एनएफएल या व्यावसायिक लीगच्या 2000 च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) 199 व्या क्रमांकावर कसाबसा निवडला गेला. 199 हा आकडा खरा. आधीचा भाग साफ चुकीचा.

मिशिगन विद्यापीठात सुरुवातीला तो राखीव होता. पण 1998 आणि 1999 च्या हंगामांत प्रत्येक सामन्यात सुरुवातीचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) तोच होता, आणि 25 पैकी 20 सामने संघाने जिंकले. गाजावाजा मात्र संघातल्याच दुसऱ्या क्वार्टरबॅकचा, ड्रू हेन्सनचा. मिशिगनचाच पोरगा, बेसबॉलसाठी यँकीज या न्यूयॉर्कच्या संघानेही निवडलेला. 1999 च्या सुरुवातीच्या सामन्यांत प्रशिक्षक लॉइड कार सामन्याचा पहिला क्वार्टर (पाव भाग) ब्रेडीला, दुसरा हेन्सनला देत आणि पुढचं मध्यंतरात ठरवत. दंतकथेचं मूळ बहुधा इथेच आहे.

मला वाईट वाटतं ते 1 जानेवारी 2000 चा ऑरेंज बाउल, हा कॉलेज हंगामाअखेरचा मोठा सामना, विसरला जातो याचं. अलाबामा विद्यापीठाविरुद्ध संघ दोनदा 14 गुणांनी मागे पडला, दोन्ही वेळा ब्रेडीने बरोबरी साधून दिली. 369 यार्डांचे पास, चार टचडाउन (प्रत्येकी सहा गुणांचे). जादा वेळेत टचडाउननंतरची अलाबामाची एका गुणाची किक हुकली आणि मिशिगन 35-34 ने जिंकलं.