ऑटो आणि अ‍ॅलो: पेशी कोणाच्या, यापेक्षा त्या करतात काय?

"स्वतःच्या पेशी असताना दुसऱ्याच्या कशाला?" रक्ताच्या कर्करोगाचं निदान होऊन स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) प्रत्यारोपणाचा विषय आला की हा प्रश्न हमखास निघतो. मग कोणीतरी ठासून सांगतं, ऑटोलॉगस (ऑटो, स्वतःच्याच पेशी) सुरक्षित, अ‍ॅलोजेनिक (अ‍ॅलो, दात्याच्या पेशी) म्हणजे नाइलाज. हे ऐकून माझे कान किटलेत.

पेशी काढणं-घालणं दोन्हीकडे बरंचसं सारखंच. स्टेम सेल मज्जेतून रक्तात आणणाऱ्या जी-सीएसएफची इंजेक्शनं चार-पाच दिवस, मग यंत्रातून रक्त फिरवून स्टेम सेल वेगळ्या करायच्या. रुग्णाला त्या रक्तासारख्याच शिरेतून चढवतात. याला 'ऑपरेशन' म्हणणं कृपा करून थांबवा. गोठवलेली पिशवी असेल तर तिच्यातल्या डीएमएसओमुळे (गोठवताना पेशी जपणारं रसायन) रुग्णाच्या श्वासाला लसणीसारखा वास येतो, एवढंच.

खरी गल्लत पुढे आहे. ऑटोमध्ये स्टेम सेल हे औषध नसतंच. मल्टिपल मायलोमात (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) औषध असतं मेल्फालान हे केमोचं औषध. त्याचा डोस इतका जबर, की कर्करोगाबरोबर निरोगी अस्थिमज्जाही करपते. आधी काढून ठेवलेल्या पेशी मज्जा पुन्हा उभी करतात. साधारण दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी वाढू लागतात. कर्करोग मारण्यात त्यांचा वाटा शून्य. म्हणूनच "पेशी बदलल्या, तरी आजार उलटला कसा?" हा प्रश्नच चुकीच्या पायावर उभा आहे. पेशी बदललेल्याच नसतात.

अ‍ॅलोमध्ये मात्र दात्याच्या पेशी स्वतः लढतात. त्यांच्यासोबत नवी प्रतिकारशक्ती येते आणि केमोतून वाचलेल्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशींना परकं ओळखून मारते. याचा मला सर्वांत पटणारा पुरावा एकसारख्या जुळ्यांचा. जुळ्या भावाच्या पेशी तंतोतंत जुळतात, त्रास कमी होतो; पण ल्युकेमिया उलटण्याचं प्रमाण इतर भावंडांच्या पेशी घेतलेल्यांपेक्षा जास्त दिसतं. परकेपणाच नाही, तर लढाई कशाची? तोच परकेपणा त्वचा, आतडी, यकृतावर उलटला की जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींचा रुग्णाच्याच शरीरावर हल्ला, आणि तो जिवावरही बेतू शकतो. म्हणून "दाता मिळत नाही, मग ऑटो करून टाकू" हा हिशेब चालत नाही. दोन्ही उपचारांचं काम वेगळं आहे.

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात दोष जनुकातच, त्यामुळे स्वतःच्या पेशी जशाच्या तशा परत घालून काही साधत नाही. 2023च्या अखेरीस ब्रिटनमध्ये मंजूर झालेल्या कॅसजेव्ही या उपचारात त्या बाहेर काढून, क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने जनुकात बदल करून परत देतात. पेशी रुग्णाच्याच, पण इथे औषधही त्याच.