भारतातील दशमान वजनमापांचा स्वीकार

शेर, मण, रतल, वार, मैल अशा मापांच्या जागी किलोग्रॅम, लिटर आणि मीटर ही मेट्रिक मापे भारतात टप्प्याटप्प्याने कायद्याने लागू झाली. या बदलाला मराठीत ‘दशमान पद्धतीचा स्वीकार’ म्हणतात. देशाने तेव्हा फक्त इंग्रजी मापे सोडली असे मानणे चुकीचे ठरेल. पौंड, फूट, मैल ही मापे रेल्वे, बांधकाम, गिरण्या यांत रुळली होती. बाजारात मात्र प्रांतोप्रांतीची मापे चालत. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त. धान्य तर अनेक ठिकाणी तोलण्याऐवजी पायली, अदशेर, चिपटे यांनी मापून देत.

१८७१ साली किलोग्रॅमएवढा ‘सेर’ ठरवणारा कायदा झाला होता, पण तो अमलात आलाच नाही. १९३९ च्या कायद्याने ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण हे प्रमाण घालून दिले. स्वातंत्र्यानंतर सुरुवात नाण्यांपासून झाली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नये पैसे झाले. ‘नये’ हे विशेषण १९६४ मध्ये गळाले.

वजनमापांचा मूळ कायदा डिसेंबर १९५६ चा. ऑक्टोबर १९५८ पासून निवडक प्रदेशांत व उद्योगांत मेट्रिक वजने सुरू झाली. काही काळ जुनी-नवी दोन्ही चालू देण्यात आली आणि एप्रिल १९६२ पासून वजनांपुरती जुनी मापे बेकायदा ठरली. प्रमाणे केंद्राने ठरवायची आणि दुकानदाराच्या तराजूची पडताळणी व मुद्रांकन राज्यांनी करायचे, अशी कामाची वाटणी होती. मुंबई राज्याचा अंमलबजावणीचा कायदा १९५८ चा आहे. वजनांचा बदल तुलनेने लवकर पचला. त्याला एक सोय कारणीभूत असावी: ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलोच्या जवळचाच. म्हणूनच पाव किलोला ‘पावशेर’ म्हणण्यात कोणालाच अडचण वाटली नाही.

पुढे १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीवर आधारलेला कायदा आला; सध्याचा वैध मापन कायदा २००९ चा असून तो १ एप्रिल २०११ पासून लागू आहे.

जमिनीच्या मापात मात्र जुने आणि नवे शेजारी नांदतात. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, बोलण्यात एकर-गुंठे. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चा, त्यामुळे बरेच जण दोन्ही एकच धरतात. सदनिकेचा व्यवहार चौरस फुटांत बोलला जातो, वाळू १०० घनफुटांच्या ब्रासने येते आणि कापसाच्या रुईचा भाव आजही खंडीवर निघतो. ही खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोंची. सोन्याचा तोळा पूर्वी ११.६६ ग्रॅमचा होता. आता सराफाकडे तोळा मागितला की १० ग्रॅम मिळते.