लोखंडी नांगरापासून ‘रिझल्ट’च्या फोटोपर्यंत

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकली की सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-पलूस पट्ट्यातल्या मोबाइलवर एकाच धाटणीच्या जाहिराती येऊ लागतात. डावीकडे बारीक मण्यांचा विरळ घड, उजवीकडे टपोऱ्या, चकाकणाऱ्या मण्यांचा घड, मधे टॉनिकची, म्हणजे पिकावर फवारायच्या वाढीच्या औषधाची बाटली, खाली शेतकऱ्याचं नाव-गाव आणि वर ठळक अक्षरांत ‘रिझल्ट बघा’. शेतकऱ्याला पटवण्याची ही खटपट आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. त्याआधी बेळगावात असतानाच त्यांनी लोखंडी नांगर काढला होता, पण तो खपेना. लोखंडानं जमिनीला विष लागतं, असा समज पक्का होता. ही अडचण किमतीची नव्हती, भीतीची होती. खोल नांगरटीनं हराळी आणि कुंदा यांसारखं चिवट तण मुळासकट निघतं, हे कितीही सांगितलं तरी ज्याला आपलं रान बाद होईल असं वाटतंय तो ऐकणार कसा? कोणतीही जाहिरात तपासताना मी म्हणूनच आधी हे बघतो की ती गिऱ्हाइकाच्या कोणत्या भीतीशी बोलतेय, आणि ती भीती घालवतेय की वाढवतेय.

१९२० साली याच कारखान्याभोवती वसलेल्या किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. कारखान्याची, यंत्रांची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवणाऱ्या या पत्रात हळूहळू लेख आले, गोष्टी आल्या आणि त्याचं चांगलं मासिक झालं. पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. मराठी वाचकाला या मासिकांनी जे दिलं ते जाहिरातीपुरतं खचितच नव्हतं. पण पटवण्याच्या अंगानं पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते: यंत्र दारात यायच्या आधी त्याचं नाव वाचनाच्या वाटेनं घरात येऊन बसलं होतं. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाला स्वदेशीच्या भावनेचं बळ मिळालं, ती वाट वेगळी.

आजचे शेतीसल्ल्याचे व्हिडिओ ‘खबर’च्याच वाटेनं जातात. आधी छाटणी, थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) यांवर खरोखर उपयोगी माहिती, आणि विश्वास बसला की शेवटी एक बाटली. फरक एवढाच, पण तो मला फार मोठा वाटतो, की ‘खबर’ कुणाची हे मुखपृष्ठावरच छापलेलं असे. व्हिडिओत बोलणाऱ्याला पैसे कोण देतं हे अनेकदा कळतच नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं असा संबंध उघड करायला सांगतात, तरीही.

आता त्या दोन घडांकडे पुन्हा बघा. उजव्या घडाला जी.ए.च्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक अ‍ॅसिडच्या किती डिपिंग दिल्या? थिनिंग किती कडक केलं, काडीवर घड किती ठेवले, पाणी कसं दिलं? मण्याची फुगवण या सगळ्यावर ठरते आणि फोटोत यातलं काहीच नाही. डावा घड त्याच बागेतला आहे का, तेही नाही. फोटो खोटा असेलच असं नाही. पण त्याच बागेतली, बाकी सगळं तेच देऊन फक्त हे औषध न मारलेली ओळ शेजारी दाखवत नाहीत तोवर तो पुरावा होत नाही. खाली लिहिलेलं नाव-गाव मात्र आपलं काम करून जातं. ओळखीचं गाव दिसलं की आपण पुढचं विचारत नाही.

तासगावकडे माझे मामा आहेत. एका हंगामात असाच फोटो बघून त्यांनी अख्ख्या बागेवर टॉनिक मारलं होतं. माल बरा आला, पण कशामुळे आला ते सांगता येईना. तेव्हापासून नवीन औषध आलं की ते चार झाडं सोडून फवारतात आणि त्या चार झाडांच्या खोडाला लाल चिंधी बांधून ठेवतात. विकणारा माणूस बांधावर आला की त्याला आधी तिथं नेतात.