डब्ल्यूपीएस बटण-जोडणी : जुन्या राउटरवरील अडचणी व उपाय

डब्ल्यूपीएस बटण-जोडणी म्हणजे वाय-फायचा पासवर्ड टाइप न करता, राउटरवरचे आणि उपकरणावरचे बटण दाबून दोघांची जोडणी करण्याची पद्धत. ‘वाय-फाय प्रोटेक्टेड सेटअप’ (डब्ल्यूपीएस) या योजनेचा हा एक भाग. ‘वाय-फाय अलायन्स’ या उद्योगसंघटनेने ती २००६-०७ मध्ये आणली. प्रिंटर, रेंज एक्स्टेंडर (वाय-फायची पोच वाढवणारे यंत्र), कॅमेरा, टीव्हीचा डबा अशा, जिथे कीबोर्ड नाही किंवा असून नसल्यासारखा आहे, त्या वस्तूंसाठी ती मुख्यतः वापरली जाते. राउटर काही वर्षे वापरलेला असला की ही जोडणी अनेकदा अडते. दिवा लुकलुकत राहतो आणि मग काहीच न होता विझतो. दोष बटणाच्या माथी मारला जातो, पण बटण खरोखर बिघडलेले असण्याची पाळी क्वचित येते. बहुतेक वेळा राउटरने जोडणी नाकारलेली असते आणि ती नाकारण्याला कारण असते.

जोडणी कशी होते

बटण दाबले की राउटर आपल्या नियमित घोषणेत ‘जोडणीसाठी तयार’ अशी खूण घालतो. उपकरणाचे बटण दाबल्यावर ते आसपासच्या वाहिन्या (चॅनेल) धुंडाळून ही खूण शोधते. दोघे एकमेकांना सापडले की त्यांच्यात ठरावीक क्रमाने आठ संदेशांची देवाणघेवाण होते. डिफी-हेलमन या, उघड्या संदेशांतूनच दोघांत गुपित ठरवण्याच्या पद्धतीने एक तात्पुरती गुप्त किल्ली तयार होते आणि त्या किल्लीच्या आडून नेटवर्कचे नाव व पासवर्ड उपकरणाला मिळतो. उपकरण तो कायमचा साठवते. त्यानंतर बटणाचा संबंध संपतो. पुढची प्रत्येक जोडणी नेहमीच्या पासवर्डानेच होते.

या देवाणघेवाणीत उपकरणाला स्वतःची ओळख पटवावी लागत नाही, हे ध्यानात घेतले की पुढचे बरेच कोडे सुटते. याच योजनेच्या पिन-पद्धतीत आठ आकडी पिन विचारला जातो. बटण-पद्धतीत त्या जागी सरळ आठ शून्ये वापरली जातात. म्हणजे समोर आलेले उपकरण घरातले की शेजारचे, हे राउटरला कळण्याचा मार्गच नाही. ही उणीव दोन अटींनी झाकलेली आहे. एक, जोडणीची मुदत १२० सेकंदांची. दोन, त्या मुदतीत जोडणी मागणारे उपकरण एकच असले पाहिजे. दोन दिसली तर राउटरने कोणालाही घ्यायचे नाही. जोडणी अडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण ही दुसरी अट आहे, आणि तिचा उल्लेख उपकरणासोबत येणाऱ्या माहितीपत्रकात सहसा नसतो.

गर्दीमुळे होणारा नकार

प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. राउटरचे बटण दाबले, मग प्रिंटरचे. अर्ध्या मिनिटात काही झाले नाही म्हणून प्रिंटरचे पुन्हा दाबले. तेही लागू पडेना, तेव्हा ‘आधी एक्स्टेंडर तरी जोडू’ म्हणून त्याचे दाबले. आता प्रिंटर आणि एक्स्टेंडर दोघेही हवेत ‘मला घ्या’ म्हणत आहेत. राउटरने दोघांचे ऐकले आणि नियमाप्रमाणे दोघांनाही नाकारले. राउटर बटण दाबल्यानंतरचेच नव्हे, तर त्याआधीच्या दोन मिनिटांत ऐकलेले उपकरणही हिशेबात धरतो. त्यामुळे चिडून जितक्या वेळा बटण दाबावे तितकी मुदत लांबत जाते.

यावर उपाय साधा, पण धीराचा आहे. सगळ्या उपकरणांपासून हात काढून घ्यावा, तीन-चार मिनिटे पूर्ण जाऊ द्यावीत आणि मग एकच उपकरण जोडायला घ्यावे. घरात एक्स्टेंडर आधीच चालू असेल तर तो तेवढ्यापुरता बंद ठेवलेला बरा. जोडलेला एक्स्टेंडर स्वतःही इतरांना जोडून घेऊ शकतो. चुकून राउटर आणि एक्स्टेंडर दोघांची बटणे दाबली गेली की उपकरणाला दोन यजमान दिसतात आणि तेही माघार घेते. दोन बँडच्या (कंप्रतेच्या पट्ट्यांच्या) काही जुन्या राउटरांत २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क स्वतःची वेगवेगळी ओळख सांगतात. तेव्हा एकच राउटर उपकरणाला दोन वाटू शकतो. ५ गिगाहर्ट्झ तात्पुरते बंद करून पाहिल्यास याचा उलगडा होतो. शेजारच्या घरात त्याच वेळी कोणी बटण दाबत असेल, तर मात्र थांबण्यापलीकडे इलाज नाही.

दिवा काय सांगतो

योजनेच्या तपशिलात दिव्याच्या लुकलुकण्याच्या तऱ्हाही सुचवलेल्या आहेत. शोध चालू असताना तो एका लयीत लुकलुकतो, चूक झाल्यास अधिक झपाट्याने, गर्दी आढळल्यास झपाट्याच्या लुकलुकीत मध्येच थोडा खंड पडतो, आणि जोडणी झाली तर सुमारे पाच मिनिटे स्थिर पेटून राहतो. सगळे उत्पादक हे तंतोतंत पाळत नाहीत. तरीही संथ लुकलुक पूर्ण दोन मिनिटे चालून विझली, तर दोघे एकमेकांना सापडलेच नाहीत असे समजायला हरकत नाही. काही सेकंदांतच लुकलुकण्याची लय बदलली, तर ते सापडले पण पुढे बोलणे फिसकटले. हा फरक टिपला की निम्मी शोधाशोध वाचते.

दिवा स्थिर झाला आणि तरीही इंटरनेट नाही, हा तिसराच प्रकार. इथे डब्ल्यूपीएसचे काम झालेले असते. उपकरणाला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) मिळाला नसेल किंवा राउटरलाच बाहेरची सेवा मिळत नसेल. पुन्हा पुन्हा बटण दाबणे म्हणजे साप समजून भुई धोपटणे.

सेटिंगांमुळे होणारा नकार

बटणाशी कोणी छेडछाड केलेली नसते, पण कधीकाळी बदललेली एखादी सेटिंग आड येते. नेटवर्कचे नाव लपवलेले असेल, तर योजनेच्या दुसऱ्या आवृत्तीपासून डब्ल्यूपीएस आपोआप बंद होते. नाव लपवल्याने सुरक्षिततेत फारशी भर पडतही नाही, तेव्हा ते उघडे करावे. जुन्या राउटरवर सुरक्षेचा प्रकार वेप किंवा निव्वळ टीकेआयपी या जुन्या, कमकुवत पद्धतींचा राहून गेलेला असतो. पहिल्या आवृत्तीतल्या राउटरला तो चालत असे; दुसऱ्या आवृत्तीचे नवे उपकरण तसा पासवर्ड घ्यायला तयार होत नाही. अशा वेळी राउटर आणि उपकरण दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात आणि जोडणी मात्र होत नाही. डब्ल्यूपीए-२ (सुरक्षेचा प्रकार) आणि एईएस (सांकेतिकीकरणाची पद्धत) ही जोडी निवडली की मार्ग मोकळा होतो. याच्या उलट, राउटर केवळ डब्ल्यूपीए-३ या त्यानंतरच्या प्रकारावर ठेवला असेल तर त्यात डब्ल्यूपीएसला मुळी जागाच नाही.

मॅक पत्त्यांची (प्रत्येक उपकरणाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकांची) यादी करून ‘एवढ्यांनाच प्रवेश’ असे कधी ठरवून ठेवले असेल, तर नवे उपकरण दारातच अडते. उपकरणाच्या मागच्या लेबलवरचा मॅक पत्ता यादीत घालावा किंवा यादी तात्पुरती बंद करावी. वाहिनीचाही एक गुंता आहे. राउटरने स्वतःहून १२ किंवा १३ वी वाहिनी निवडली असेल आणि उपकरण ११ पर्यंतच शोधत असेल, तर दिवा दोन मिनिटे संथ लुकलुकून विझतो. वाहिनी १, ६ किंवा ११ अशी हाताने ठरवून द्यावी. बरीचशी स्वस्त उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, हेही लक्षात असावे.

फोनच्या बाबतीत शोध बहुधा लवकर संपतो. आयफोनमध्ये ही सोय कधीच नव्हती आणि अँड्रॉइडच्या ९ व्या आवृत्तीपासून ती मेनूतून काढून टाकण्यात आली. फोनवर पर्याय दिसत नाही म्हणून राउटरला दोष देण्यात अर्थ नाही.

खरोखर जुनेपणाचे दोष

एवढे तपासूनही काम होत नसेल तर यंत्राकडे वळावे. बटण बिघडले आहे का, याची एक निर्विवाद परीक्षा आहे. राउटरला जोडलेल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकावा (बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, नक्की पत्ता राउटरखालच्या लेबलवर असतो) आणि वाय-फायच्या पानावरचे डब्ल्यूपीएसचे बटण माउसने दाबावे. त्या बटणाने जोडणी झाली आणि डब्यावरच्या बटणाने झाली नाही, तर दोष आतल्या छोट्या स्विचमध्ये किंवा त्यावरच्या प्लास्टिकच्या टोपीत आहे. असा स्विच दाबताना ‘टिक्’ असा स्पर्श बोटाला जाणवत नाही. टोपी आत रुतून राहते किंवा तिरकी बसते. तो बदलून घेण्यापेक्षा ब्राउझरमधले बटण वापरत राहणे सोपे. या उलट ब्राउझरमधूनही दिवा लागत नसेल, तर दोष केवळ बटणाचा नाही.

बराच काळ बंद न केलेल्या राउटरमध्ये डब्ल्यूपीएस सांभाळणारा प्रोग्राम अडकून पडलेला असू शकतो, बाकी इंटरनेट सुरळीत चालू असले तरी. अडॅप्टर अर्धा मिनिट काढून पुन्हा लावला की तो ठिकाणावर येतो. अडॅप्टरचे स्वतःचे वयही दुर्लक्षिले जाते. त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) थकले की भार वाढताच व्होल्टेज खचते. जोडणीच्या वेळी सगळेच दिवे मंदावत असतील किंवा राउटर आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर संशय अडॅप्टरवर घ्यावा. नवा घेताना व्होल्ट आणि पिनेची धन-ऋण दिशा अगदी तीच हवी. अँपिअर तितके किंवा जास्त चालतील. अँटेनाही क्षीण झाली असण्याची शक्यता धरून जोडणीपुरते उपकरण राउटरपासून एक-दोन मीटरवर आणावे. आठ संदेशांपैकी एक जरी वेळेत पोचला नाही तरी सगळी देवाणघेवाण पुन्हा पहिल्यापासून होते.

बटण दाबून धरण्याचा धोका

अनेक राउटरांत डब्ल्यूपीएस आणि रीसेट यांना एकच बटण असते. क्षणभर दाबले तर जोडणी. पाच-दहा सेकंद दाबून धरले तर सगळ्या सेटिंग पुसून कारखान्यातली मूळ स्थिती. जोडणी होत नाही म्हणून बोट दाबून ठेवावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि तिथेच माणूस आगीतून फुफाट्यात पडतो. नेटवर्कचे नाव बदलते, घरातली सगळी उपकरणे बाहेर पडतात आणि सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेले पीपीपीओई (इंटरनेट सेवेत प्रवेश देणाऱ्या) खात्याचे नाव व पासवर्डही पुसले जातात. बटणाजवळ ‘डब्ल्यूपीएस/रीसेट’ असे छापलेले असेल, तर हात लावण्याआधी सेटिंगांची प्रत जतन करावी. राउटरच्या ‘सिस्टिम’ किंवा ‘टूल्स’ अशा नावाच्या पानावर ती सोय असते.

दुसरा धोका याहून छुपा आहे. काही राउटर डब्ल्यूपीएसच्या दृष्टीने स्वतःला ‘अजून मांडणी न झालेले’ समजतात, नाव-पासवर्ड आधीच बदललेले असले तरी. अशा अवस्थेत पहिली जोडणी झाली की राउटर नवे नाव आणि नवा पासवर्ड स्वतःच बनवतो. प्रिंटर जोडला जातो आणि बाकी घर तुटते. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीएसची स्थिती ‘कॉन्फिगर्ड’ अशी करता येत असेल तर आधी ती करावी.

पिन आणि सुरक्षितता

बटणासोबत राउटरमध्ये येणारी पिन-पद्धत ही या योजनेची दुखरी बाजू. आठ आकड्यांपैकी शेवटचा पडताळणीचा असतो आणि राउटर पिनच्या दोन अर्ध्या भागांना वेगवेगळे उत्तर देतो. त्यामुळे १ कोटी शक्यतांऐवजी १०,००० अधिक १,००० अशा ११,००० शक्यतांतच पिन सापडतो. सुरक्षा-संशोधक श्टेफान फीबॉक यांनी हे डिसेंबर २०११ मध्ये उघड केले आणि अमेरिकेतील सर्ट समन्वय केंद्राने (संगणक-सुरक्षेच्या इशाऱ्यांची संस्था) डब्ल्यूपीएस बंद ठेवण्याचा सल्ला दिला. २०१४ मध्ये संशोधक डॉमिनिक बोंगार यांनी दाखवले, की काही चिपसंचांतल्या कच्च्या, म्हणजे अंदाज बांधता येणाऱ्या, यादृच्छिक आकड्यांमुळे एवढ्या प्रयत्नांचीही गरज उरत नाही.

याचा जोडणी अडण्याशी थेट संबंध आहे. हल्ले रोखण्यासाठी पुढे अनेक फर्मवेअरांत (राउटरच्या आतल्या प्रोग्रामांत) चुकीच्या पिननंतर डब्ल्यूपीएसला कुलूप लागू लागले, आणि काही राउटरांत त्या कुलपात बटणही अडकते. बऱ्याचदा राउटर बंद-चालू केल्याशिवाय ते उघडत नाही. फर्मवेअर अद्ययावत केल्यावर डब्ल्यूपीएस मुळातच बंद होऊन आलेले असू शकते. वारंवार कुलूप लागत असेल तर बाहेरून कोणी पिन चाचपत असण्याची शक्यता आहे. पिन बंद आणि बटण चालू अशी सोय असेल तर तीच ठेवावी. बटणासाठी निदान कोणाला तरी घरात येऊन बोट लावावे लागते. ती सोय नसेल तर जोडणीपुरते डब्ल्यूपीएस चालू करून लगेच बंद करणे शहाणपणाचे.

बटणाशिवाय

प्रिंटरला बहुधा यूएसबी केबलने संगणकाला जोडून पासवर्ड देता येतो. कॅमेरे व स्मार्ट प्लग स्वतःचे तात्पुरते नेटवर्क उभे करतात. फोन त्याला जोडून घरचा पासवर्ड त्यात भरायचा असतो. एक्स्टेंडर नेटवर्क केबलने जोडून त्याचे पान उघडता येते. २०१८ मध्ये वाय-फाय अलायन्सने ‘ईझी कनेक्ट’ ही क्यूआर कोडवर चालणारी नवी पद्धत आणली, पण तिच्यासाठी उपकरण आणि नेटवर्क दोन्हींकडे तशी सोय लागते, म्हणून जुन्या राउटरच्या मालकाला तिचा सहसा उपयोग नाही.

राउटरच बदलायचे ठरले तर नव्या राउटरला जुन्याचेच नेटवर्कनाव, तोच पासवर्ड आणि सुरक्षेचा तोच डब्ल्यूपीए-२ प्रकार द्यावा. जुना पासवर्ड कच्चा असेल तर मात्र ही सोय सोडून नवा ठेवावा. अन्यथा, एकदा जोडलेली उपकरणे साठवलेल्या माहितीवर नव्या राउटरला आपोआप जोडली जातात आणि एकाही बटणाला हात लावावा लागत नाही. जुना राउटर मात्र त्याआधी बंद केलेला असावा. नाहीतर दोन्ही एकाच नावाने हाक देतात आणि प्रिंटर कोणाला जोडला गेला हेच कळत नाही.