लष्करी शौर्य पुरस्कार: पात्रता, शिफारशीची प्रक्रिया आणि सन्मानानंतर लागणारी कागदपत्रे

परमवीर चक्र असो वा सेना पदक, कर्तव्याने जेवढे मागितले त्याहून अधिक देणाऱ्या सैनिकाला राष्ट्राकडून मिळणाऱ्या या सन्मानासाठी सैनिकाने स्वतः किंवा त्याच्या कुटुंबाने अर्ज करायचा नसतो. शिफारस त्याच्या पलटणीकडून होते, ती वरच्या मुख्यालयांतून पुढे सरकते आणि अखेर राष्ट्रपतींच्या मंजुरीने राजपत्रात प्रसिद्ध होते. मात्र सन्मान जाहीर झाल्यानंतर मिळणारा मासिक भत्ता, राज्य शासनाचे अनुदान, प्राप्तिकरातील सूट आणि प्रवास सवलत यांसाठी कागदपत्रे सादर करावी लागतात, आणि तेथे अनेक वीरपत्नी व वीरमाता अकारण खोळंबून राहतात. म्हणून पुढील माहितीत शिफारस कशी होते हे आधी सांगितले असून सन्मानानंतरच्या कागदपत्रांचा विचार अधिक तपशिलाने केला आहे.

शौर्य पुरस्कारांच्या दोन मालिका आहेत. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र हे शत्रूच्या समोर दाखवलेल्या शौर्यासाठी दिले जातात. ते 26 जानेवारी 1950 रोजी स्थापन झाले आणि 15 ऑगस्ट 1947 पासून लागू मानले गेले. अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र हे शत्रूशी प्रत्यक्ष सामना नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी किंवा आत्मत्यागासाठी असतात. ते 1952 साली अशोक चक्राचे तीन वर्ग म्हणून सुरू झाले व 1967 साली त्यांना आजची नावे मिळाली. मानक्रमात मात्र या दोन मालिका एकमेकींत गुंफलेल्या आहेत, म्हणजे परमवीर चक्रानंतर अशोक चक्र, मग महावीर चक्र, कीर्ती चक्र, वीर चक्र आणि शौर्य चक्र असा क्रम लागतो.

‘शत्रूच्या समोर’ या शब्दांचा अर्थ घोषित युद्धापुरता मर्यादित नाही. 1961 साली काँगोमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत लढलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया, 1987 साली श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन आणि त्याच वर्षी सियाचीनमधील शिखर जिंकणारे नायब सुभेदार बाणासिंग या तिघांनाही परमवीर चक्र मिळाले. 2020 साली गलवानमध्ये प्राण अर्पण करणारे कर्नल संतोष बाबू यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. देशांतर्गत दहशतवादविरोधी कारवाईतील शौर्य मात्र सर्वसाधारणपणे अशोक चक्राच्या मालिकेत मोडते, आणि त्यामुळे त्या कारवाईचे मोल कमी ठरते असे कोणी समजू नये.

पात्रता कोणाची

परमवीर चक्राच्या मालिकेसाठी भूदल, नौदल व हवाई दलातील सर्व हुद्द्यांचे स्त्री-पुरुष, राखीव दले, प्रादेशिक सेना आणि कायद्याने स्थापन झालेली इतर सशस्त्र दले पात्र आहेत. लष्करी रुग्णालयांतील परिचारिका व कर्मचारी, तसेच या दलांच्या आदेशाखाली किंवा देखरेखीखाली नियमित वा तात्पुरते काम करणारे नागरिकही त्यात येतात, ही बाब फार थोड्यांना ठाऊक असते. हुद्द्याची कोणतीही अट नाही. सुरुंग पेरलेला नौशेरा-राजौरी रस्ता एप्रिल 1948 मध्ये जखमी अवस्थेत मोकळा करणारे कारवारचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी होते. त्यांचे काम रस्ता साफ करण्याचे होते आणि परमवीर चक्र त्याच कामासाठी मिळाले, ते त्यांच्या हयातीत.

अशोक चक्राच्या मालिकेची कक्षा आणखी व्यापक आहे, कारण तिच्यात सैनिकांबरोबर सर्व क्षेत्रांतील नागरिक आणि पोलीस दलांचे सदस्यही येतात. 1986 साली कराचीत अपहृत विमानातील प्रवाशांना वाचवताना प्राण देणाऱ्या नीरजा भनोत आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत रिकाम्या हातांनी दहशतवाद्याची बंदूक धरून ठेवणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले ते याच तरतुदीनुसार. अशा नागरी व्यक्तींच्या शिफारशी केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत संरक्षण मंत्रालयाकडे जातात, त्यामुळे त्या कुटुंबांनी लष्करी कार्यालयांत चौकशी करण्यात वेळ घालवू नये.

हे सर्व सन्मान मरणोत्तर देता येतात. आजवरच्या 21 परमवीर चक्रांपैकी 14 मरणोत्तर आहेत. ज्याला एकदा चक्र मिळाले त्याने पुन्हा तशीच कामगिरी केली, तर दुसरे पदक न देता पहिल्या पदकाच्या फितीवर ‘बार’ लावला जातो. पुढे सरसेनापती झालेले जनरल अरुणकुमार वैद्य यांना 1965 च्या युद्धात महावीर चक्र आणि 1971 च्या युद्धात त्यावर बार मिळाला होता.

या सहा चक्रांखेरीज सेना पदक, नौसेना पदक व वायुसेना पदक ही 1960 पासून दिली जाणारी पदके आहेत. ती शौर्यासाठी आणि विशिष्ट सेवेसाठी अशी दोन प्रकारे दिली जातात, व मासिक भत्ता केवळ शौर्यासाठीच्या पदकाला लागू असतो. म्हणून राजपत्रातील नोंदीत ‘शौर्य’ हा उल्लेख आहे की नाही हे पदकधारकाने प्रथम पाहावे. परमविशिष्ट, अतिविशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदके, तसेच 1980 साली सुरू झालेली युद्ध सेवा पदके ही सेवेच्या गुणवत्तेसाठी असतात आणि त्यांना हा भत्ता नसतो.

शिफारस कशी होते

घटनेनंतर त्या तुकडीचा कमान अधिकारी शिफारशीचा प्रस्ताव तयार करतो. त्यात घटनेचे ठिकाण, वेळ, शत्रूची किंवा धोक्याची स्थिती, त्या सैनिकाने नेमके काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, याचा वृत्तान्त असतो व त्याला प्रत्यक्षदर्शींच्या निवेदनांचा आधार दिला जातो. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेचे मर्म याच टप्प्यावर आहे. पुढच्या प्रत्येक पायरीवरचा अधिकारी किंवा समितीचा सदस्य त्या रात्री त्या डोंगरावर नसतो. त्याच्यासमोर असतो तो केवळ हा कागद. ‘अतुलनीय धैर्य दाखवले’ अशा मोघम वाक्यापेक्षा ‘खांद्याला गोळी लागल्यानंतरही जखमी साथीदाराला आडोशापर्यंत ओढत नेले आणि मग मशीनगन बंद पाडली’ असे ठोस वाक्य अधिक बोलते. साक्षीदार बदली होऊन पांगण्यापूर्वी, त्यांच्या आठवणी ताज्या असताना निवेदने नोंदवली गेली पाहिजेत, आणि हे पाहणे ही कमान अधिकाऱ्याची आपल्या माणसांप्रती असलेली जबाबदारी आहे.

पलटणीकडून निघालेला प्रस्ताव वरिष्ठ मुख्यालयांच्या अभिप्रायांसह त्या त्या दलाच्या मुख्यालयात पोहोचतो. संरक्षण मंत्रालय वर्षातून दोनदा शिफारशी मागवते. प्रजासत्ताक दिनाच्या यादीसाठी त्या साधारणतः ऑगस्टमध्ये आणि स्वातंत्र्यदिनाच्या यादीसाठी मार्चमध्ये येणे अपेक्षित असते. संरक्षणमंत्री, तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव यांचा समावेश असलेली केंद्रीय सन्मान व पुरस्कार समिती त्यांचा विचार करते, तर गृह मंत्रालयाकडून आलेल्या प्रकरणांत गृह सचिवही सहभागी असतात. समितीच्या शिफारशी पंतप्रधान व राष्ट्रपती यांच्याकडे जातात आणि मंजुरीनंतर 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टच्या निमित्ताने यादी जाहीर होते. शिफारस ज्या पदकासाठी झाली तेच पदक मिळेल असे नाही, आणि सन्मान हा हक्क म्हणून मागता येत नाही.

एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. लढाईत मृत्यू आल्याची नोंद होणे आणि शौर्य पुरस्कार मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिल्या नोंदीवर उदारीकृत, म्हणजे नेहमीपेक्षा वाढीव दराचे, कुटुंब निवृत्तिवेतन व इतर लाभ अवलंबून असतात आणि त्यांसाठी पुरस्काराची वाट पाहण्याचे कारण नाही. कुटुंबाने ती प्रकरणे सैनिकांच्या सेवा नोंदी ठेवणाऱ्या अभिलेख कार्यालयाकडे ताबडतोब मार्गी लावावीत. पुरस्काराचा निर्णय त्याच्या गतीने होईल.

सन्मान जाहीर झाल्यानंतर

केंद्र सरकारचा मासिक भत्ता 1 ऑगस्ट 2017 पासून दुप्पट झाला. त्या दरानुसार परमवीर चक्रासाठी 20,000 रुपये, अशोक चक्रासाठी 12,000, महावीर चक्रासाठी 10,000, कीर्ती चक्रासाठी 9,000, वीर चक्रासाठी 7,000, शौर्य चक्रासाठी 6,000 आणि शौर्यासाठीच्या सेना, नौसेना व वायुसेना पदकांसाठी 2,000 रुपये दरमहा निश्चित झाले. प्रत्येक बारसाठी मूळ पदकाइतकाच भत्ता स्वतंत्रपणे मिळतो. दावा सादर करताना त्या दिवशी लागू असलेला दर कार्यालयातून पडताळून घ्यावा.

पदकधारकाच्या पश्चात हा भत्ता त्याच्या पत्नीला मिळतो. पूर्वी पुनर्विवाह केल्यास तो बंद होत असे आणि केवळ दिराशी विवाह केला तरच सुरू राहत असे. ही अट नोव्हेंबर 2017 मध्ये काढून टाकण्यात आली. वीरपत्नीने कोणाशी संसार करावा हे भत्त्याच्या नियमाने ठरवू नये, म्हणून हा बदल फार आधीच व्हायला हवा होता. मरणोत्तर सन्मानित सैनिक अविवाहित असल्यास भत्ता वडिलांना किंवा आईला मिळतो, आणि पती वा पत्नी हयात नसल्यास अठरा वर्षांखालील मुलगा व अविवाहित मुलगी यांचा हक्क येतो. जुन्या अटीमुळे ज्यांचा भत्ता बंद झाला होता अशा भगिनींनी 2017 च्या आदेशाचा उल्लेख करून लेखी विनंती अवश्य करावी.

सेवेत असलेल्या सैनिकाचा भत्ता वेतनाबरोबर दिला जातो, त्यासाठी पुरस्काराची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे सेवा नोंदीतील बदलाच्या अधिकृत आदेशाने, प्रसिद्ध झालेली असावी लागते. निवृत्त सैनिक किंवा वारसाच्या बाबतीत तो निवृत्तिवेतनासोबत संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन निवृत्तिवेतन प्रणालीतून जमा होतो. दाव्यासोबत राजपत्रातील अधिसूचनेची प्रत, प्रशस्तिपत्राची प्रत, निवृत्तिवेतन आदेश म्हणजे पीपीओ, डिस्चार्ज बुक म्हणजे सेवामुक्तीचे पुस्तक, आधार कार्ड, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि छायाचित्रे जोडावीत. वारसाने त्याशिवाय मृत्यूचा दाखला आणि पदकधारकाशी असलेले नाते सिद्ध करणारा पुरावा द्यावा. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला वेळेवर सादर न केल्यास निवृत्तिवेतनाबरोबर भत्ताही अडकतो.

कागद अडतात ते बहुतेक वेळा नावावरून. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते, आणि मग सेवा अभिलेखात एक नाव, आधारवर दुसरे व बँकेत तिसरे अशी स्थिती उद्भवते. कधी विवाहाची नोंदच सेवा अभिलेखात झालेली नसते. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नावातील बदलाचे राजपत्र आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तयार करून प्रथम अभिलेख कार्यालयातून दुरुस्ती करून घ्यावी, कारण मूळ नोंद चुकीची ठेवून पुढचा प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे लढवण्यात वर्षे जातात. सेवेत असलेल्या जवानांनी हे काम सुट्टीवर असताना स्वतः उरकले, तर कुटुंबावर पुढे ती वेळ येणार नाही.

राज्य शासनाचे अनुदान हे केंद्राच्या भत्त्याहून वेगळे आहे आणि ते आपोआप मिळत नाही. महाराष्ट्रात पुण्यातील सैनिक कल्याण विभागाच्या अखत्यारीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये असून अर्ज तेथे द्यायचा असतो. वर सांगितलेल्या कागदांबरोबर रहिवासाचा पुरावा मागितला जातो, आणि पदकधारक मूळचा कोणत्या राज्याचा आहे यावरून प्रश्न निर्माण होऊ शकतो. म्हणून अधिवास प्रमाणपत्र आधीच काढून ठेवणे हिताचे ठरते. अर्जाची पोच तारखेसह घ्यावी व प्रत्येक कागदाची एक प्रत घरी राहू द्यावी.

चक्रधारकांना मिळणारे निवृत्तिवेतन आणि त्यांच्या कुटुंबाला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन यांना 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम 10(18) ने करमुक्त ठरवले. बँकेने किंवा वितरण कार्यालयाने तरीही कर कापल्यास राजपत्राची प्रत देऊन कपात थांबवण्याची विनंती करावी व कापलेली रक्कम विवरणपत्रातून परत मागावी. रेल्वे प्रवासाचा सवलत पास सहा चक्रांच्या धारकांसाठी आहे आणि त्यासाठी रेल्वेच्या विभागीय कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो.

पदकधारकाच्या नावापुढे सन्मानाची आद्याक्षरे लावण्यास हरकत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 18 ने किताब रद्द केले असले, तरी लष्करी व शैक्षणिक सन्मान त्यातून वगळले आहेत. म्हणून मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर किंवा घराच्या कागदांवर नाव लिहिताना ती आद्याक्षरे लिहिण्याबाबत कोणी आक्षेप घेतल्यास या अनुच्छेदाचा आधार द्यावा. मात्र आधार, पीपीओ आणि बँक खाते यांतील मूळ नाव आद्याक्षरांशिवाय एकसारखे ठेवावे, म्हणजे रक्कम जमा होण्यात अडथळा येणार नाही.