'असायलंय' असं कुणी म्हणत नाही

परभणीकडच्या एका गावात मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवतो. मागच्या पावसाळ्यात एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, 'आय ॲम नोइंग धिस आन्सर.' मी लाल शाईनं 'ॲम' आणि 'इंग' खोडलं, वर 'आय नो' लिहिलं. वही हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. "सर, 'आय ॲम ईटिंग' चालतं, 'आय ॲम रीडिंग' चालतं, मग ह्यालाच काय झालं?"

नियमच आहे, यादी पाठ कर, असं उत्तर मी बरीच वर्षं देत आलो होतो. नो, बिलीव्ह, ओन, बिलाँग, कंटेन, कॉस्ट, यांना 'इंग' लावायचं नाही. यादी चुकीची नाही, पण 'का' विचारणाऱ्या पोरीच्या हातात यादी ठेवणं मला त्या दिवशी बरं वाटलं नाही. त्यात तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या घरच्या बोलण्यातच होतं.

आपल्याकडं फोनवर पहिला प्रश्न असतो, "काय करायलास?" उत्तर येतं, "जेवायलोय." पुण्याकडं 'जेवतोय' म्हणतील. पाऊस पडायलाय, भात शिजायलाय, बाया कापूस वेचायल्यात. हे 'आयला' म्हणजे आपलं 'इंग'. काम सुरू आहे, अजून उरकलेलं नाही, एवढं ते सांगतं. आता हेच शेपूट 'आहे'ला लावून बघा. 'विहिरीत पाणी असायलंय.' 'हे वावर काकाचं असायलंय.' अख्ख्या मराठवाड्यात असं बोलणारा माणूस सापडायचा नाही. ही बंदी आपल्याला कुणी शिकवलेली नाही, तरी आपण ती पाळतो.

कारण चुलीपाशी बसलं की दिसतं. भात शिजतो म्हणजे पाणी उकळतं, दाणा फुगतो, मऊ होतो. आत्ताचा क्षण आणि पाच मिनिटांनंतरचा क्षण सारखे नसतात. विहिरीत पाणी आहे, हे मात्र दहा वाजताही तितकंच खरं आणि दहा वाजून पाच मिनिटांनीही तितकंच. त्या 'असण्या'त सुरुवातीचा भाग, मधला भाग असं काही नाही. 'इंग' काय आणि 'आयला' काय, दोन्ही क्रियेच्या आत डोकावून 'काम कुठवर आलंय' ते बघतात. जिथं आत काही सरकतच नाही, तिथं डोकावून काय बघणार? पहिल्या जातीची ती क्रियादर्शक क्रियापदं, दुसऱ्या जातीची स्थितिदर्शक.

शाळेत आपण व्याख्या पाठ केली, क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद. मग 'आहे' कोणती क्रिया दाखवतं? ही शंका दोन हजारांहून जास्त वर्षं जुनी आहे. पाणिनीच्या 'भूवादयो धातवः' या सूत्रावर पतंजलीच्या महाभाष्यात तीच चर्चा आहे: क्रिया सांगणारा तो धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ, म्हणावं, तर 'अस्ति', 'भवति', 'विद्यते' या 'आहे' सांगणाऱ्या शब्दांचं काय करायचं? तिथंच पतंजली म्हणतो की क्रिया एखाद्या वस्तूसारखी गोळा करून दाखवता येत नाही, ती अनुमानानं ओळखायची असते. पुढं भर्तृहरीनं वाक्यपदीयात सांगितलं की एकामागून एक घडणाऱ्या बारक्या भागांचा समूह आपली बुद्धी एक मानते, आणि त्याला आपण क्रिया म्हणतो. चूल पेटवणं, भांडं चढवणं, तांदूळ वैरणं हे सगळं मिळून एक 'स्वयंपाक'. व्याकरणातलं इतकं सुंदर निरीक्षण मी दुसरं वाचलेलं नाही.

पाश्चात्त्य जगात झेनो वेंडलर या तत्त्वज्ञानं 1957 साली क्रियापदांचे चार गट पाडले. आपल्या पाण्यावर ते लगेच समजतात. धरणात पाणी आहे, ही स्थिती. कालव्यातून पाणी वाहतंय, ही नुसती हालचाल, तिला ठरलेला शेवट नाही. जायकवाडी भरतंय, ही शेवट असलेली क्रिया. आणि पाणी खुणेला टेकलं, हा एका क्षणाचा प्रकार. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातला फरक मला फार मोलाचा वाटतो. पाणी वाहतंय म्हणजे थोडं तरी वाहून गेलंच. पण धरण भरतंय म्हणजे भरलं असं नाही, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मराठीचे प्रत्ययसुद्धा हा भेद जपतात: 'दिवसभर' वेचणी केली, पण 'दिवसात' सगळा पट्टा वेचून झाला.

एवढं कळल्यावर इंग्रजीची एक अडचण आपोआप सुटते. 'आय ईट भाकरी' म्हणजे मी भाकरी खातो, माझी ती रोजची सवय. आत्ता ताटावर बसलो असेन तर 'आय ॲम ईटिंग' म्हणावं लागतं. 'आय नो' मात्र साध्या रूपातच 'आत्ता' सांगतं, त्याला 'इंग'ची गरजच पडत नाही.

खरी गंमत पुढं आहे. क्रिया आणि स्थिती यांच्यामधला बांध दोन्ही भाषांत आहे, पण तो एकाच जागी घातलेला नाही.

मोंढ्यात मापाडी सोयाबीनचा कट्टा काट्यावर ठेवतो. आकडा थोडा हलतो, मग थांबतो. मापाडी कट्टा तोलायलाय, आणि कट्टा साठ किलो भरतो. आपल्याकडं दोन क्रियापदं, इंग्रजीत दोन्हींना एकच, 'वे'. 'ही इज वेइंग द बॅग' चालतं, कारण मापाडी काम करतोय. 'द बॅग इज वेइंग सिक्स्टी किलोज' खटकतं, कारण कट्टा बिचारा काहीच करत नाही, त्याला वजन आहे एवढंच. तसंच 'टेस्ट'चं. आई वरण चाखते तेव्हा 'इंग', वरण खारट लागतं तेव्हा साधं रूप.

मराठीनं आणखी एक सोय करून ठेवली आहे. मी बघतो, पण मला दिसतं. मी ऐकतो, पण मला ऐकू येतं. जे आपण करतो तिथं 'मी', जे आपल्या मनात किंवा अंगावर येतं तिथं 'मला'. मला आठवतं, मला आवडतं, मला वाटतं, मला हवंय, मला माहीत आहे. आता ती पाठ करायची यादी काढा: रिमेंबर, लाइक, बिलीव्ह, वाँट, नो, सी, हिअर. यातली बहुतेक मराठीत 'मला'च्या मागं उभी आहेत. मी आता वर्गात हेच सांगतो, मराठीत 'मला' आलं की 'इंग' लावण्याआधी थांबा.

थांबा, एवढंच म्हणतो. कारण 'मला पाखरू दिसायलंय', 'मला आवाज यायलाय' हे आपण सर्रास बोलतो. मराठी दिसण्यालासुद्धा चालू काळ देते, इंग्रजी देत नाही. 'आय ॲम सीइंग अ बर्ड' हे वाक्य तिथून येतं. ते लिहिणारं पोर आपल्या भाषेच्या नियमानं अगदी बरोबर चाललेलं असतं.

उलटंही होतं. "आजी काय करायलीय?" "झोपलीय." आजी गाढ झोपेत आहे, आणि आपण वापरलं ते पूर्ण झालेलं रूप. झोपण्याचं काम उरकलं, आता आहे ती स्थिती. 'झोपायलीय' म्हटलं तर ती अंथरूण टाकून आडवी व्हायलीय. तसंच 'बसलाय' आणि 'बसायलाय', 'साडी नेसलीय' आणि 'नेसायलीय'. इंग्रजीत मात्र आजी 'इज स्लीपिंग', साडी नेसून उभी असलेली बाई 'इज वेअरिंग अ सारी'. जिथं आपण स्थिती बघतो तिथं त्यांनी 'इंग' लावलंय.

एखाद्या ठिकाणी तर 'इंग' लावावं की नाही हे मनावर असतं. आमच्या गावची कितीतरी पोरं पुण्यात कामाला आहेत. त्यातलं एखादं 'आय लिव्ह इन पुणे' लिहील, एखादं 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे'. दोन्ही बरोबर. दुसऱ्यानं मुक्काम तात्पुरता धरलाय.

हे सगळं मी त्या मुलीला दोन तास घेऊन सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "आता कळायलंय, सर." मी तेच वाक्य इंग्रजीत लिहून दाखवायला खडू उचलला आणि थबकलो. 'अंडरस्टँड' त्याच यादीतलं. थोडा वेळ विचार करून फळ्यावर लिहिलं, 'आय ॲम बिगिनिंग टू अंडरस्टँड.' तिच्या एका शब्दाला इंग्रजीत पाच शब्द लागले.