विरघळणारा मायक्रोनीडल पॅच

विरघळणारा मायक्रोनीडल पॅच म्हणजे बोटाच्या पेराएवढी चिकटपट्टी, जिच्या खालच्या अंगाला शेकडो बारीक सुया असतात, पण या सुया धातूच्या नसतात, औषध मिसळलेल्या आणि पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाच्याच असतात. पट्टी अंगठ्याने दाबून धरली की सुया कातडीत शिरतात, आतल्या ओलाव्याने बत्ताशासारख्या विरघळतात आणि औषध तिथंच राहतं. पट्टी काढली की कातडीवर ठिपक्यांची जाळी उमटलेली दिसते, ती थोड्या वेळात जाते, आणि वापरलेली सुई फेकायची भानगडच उरत नाही. सुईची लांबी साधारण अर्धा ते एक मिलिमीटर, त्यामुळे इंजेक्शनसारखी कळ येत नाही, चुरचुरतं तेवढं.

एवढा खटाटोप कशाला, तर कातडीचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, पण बंदोबस्त भारी. मोटामोटी ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) जड रेणू तिथून आत जात नाही असा ठोकताळा आहे. नायट्यावरचं टर्बिनाफिन २९१ चं, म्हणून त्याचं मलम निघालं, आणि व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक १४४९ चं, ते वरून कितीही चोळा, वरच राहणार. त्यात जखमेतले जंतू बायोफिल्म नावाचा चिकट थर करून बसले की औषध त्या थराच्या आत पोचवावं लागतं. सुया हे काम करू शकतात, कारण त्या दोन्ही अडथळ्यांना भोक पाडूनच आत जातात.

आता नागपूरचा माणूस हे वाचून पहिला प्रश्न विचारणार, नायट्याला चालते का बावा? पावसाळा लागला की मेडिकल असो नाही तर मेयो, इथल्या या दोन्ही सरकारी दवाखान्यांत त्वचारोगाच्या ओपीडीत जांघेतला गजकर्ण घेऊन आलेले लोक असतातच, आणि बऱ्याच जणांनी आधी औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडवालं मिक्स मलम आणून लावलेलं असतं, खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र मजेत पसरते आणि चट्ट्याची गोल कडाच पुसली जाते, मग डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. त्यात ट्रायकोफायटन इंडोटिनी ही भारतात पसरलेली बुरशी बरेचदा टर्बिनाफिनलाही दाद देत नाही. पण गंमत अशी की नायट्याची बुरशी राहते त्या वरच्या मेलेल्या थरातच, म्हणजे मलम पोचतं तिथंच, आणि सुई तर त्याच्या खाली जाते. शिवाय चट्टा असतो वीतभर अन् पट्टी पेराएवढी. त्यामुळे साध्या नायट्याला हा उपाय माझ्या मते जरा उलटाच आहे. खरा फायदा खोलवर बसलेल्या छोट्या जागेसाठी, जसं चामखीळ, केसाच्या मुळाशी झालेलं इन्फेक्शन, न भरणारी जखम, लिश्मानिया या परजीवीमुळे होणारा व्रण. अंगावर सूज पसरून ताप आला असेल तर पट्टीचा विचारच नको, तिथं गोळ्या किंवा सलाईनमधूनच अँटिबायोटिक लागतं. एका पट्टीत औषध मावतं फार तर काही मिलिग्रॅम.

बनवायची रीत आप्पेपात्रासारखी समजा. सिलिकॉन रबराच्या साच्यात टोकदार खड्डे असतात, त्यात हायल्युरॉनिक अ‍ॅसिड, पीव्हीपी किंवा पीव्हीए अशा पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचं औषध मिसळलेलं दाट पाणी ओततात, टोकापर्यंत हवा अडकू नये म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात किंवा व्हॅक्यूम लावतात, मग वाळवून सोलून काढतात. बुडबुडा राहिला तर सुई बोथट होते. आणि ही सगळी द्रव्यं ओलावा ओढणारी, म्हणून पट्टी फॉइलच्या पाकिटात बंद ठेवावी लागते. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री कोरडं ऊन असलं तरी घरात कूलर चालू असतो, त्या ओल्या हवेत पाकीट उघडं राहिलं की सुया खारी बिस्किटासारख्या सादळतात आणि कातडीत शिरण्याऐवजी वाकतात.

कल्पना तशी जुनी, अमेरिकेत सूक्ष्म सुयांचं पेटंट १९७६ सालचं, पण एवढ्या बारीक सुया प्रत्यक्षात करता आल्या १९९८ च्या सुमारास, जॉर्जिया टेकमध्ये, त्याही सिलिकॉन धातुसदृशाच्या, म्हणजे साच्याचं रबर नव्हे, कॉम्प्युटरची चिप करतात ते सिलिकॉन. विरघळणाऱ्या सुया नंतर आल्या. माणसांवर जास्त काम लसींचं झालंय: फ्लूच्या लसीच्या पट्टीची चाचणी २०१७ मध्ये छापून आली, गांबियातल्या लहान मुलांवरची गोवर-रुबेलाची २०२४ मध्ये. इन्फेक्शनवरचं बहुतेक काम अजून लॅबमध्येच, उंदरांवर आणि डुकराच्या कातडीवर चालू राहिलं.

ऑनलाइन मिळणारे पिंपल पॅच बघून गोंधळू नका, त्यातले बरेचसे नुसते पाणी शोषणारे हायड्रोकोलॉइडचे असतात, सुया नसतातच. आणि डर्मारोलर तर वेगळंच प्रकरण, त्याच्या सुया धातूच्या, औषध आत काही नाही, नायट्यावर फिरवला तर बुरशी बाजूच्या चांगल्या कातडीत पेरली जाते.